इमारत नवी मिळेल, कट्ट्याचे काय?
उपनगरांतील ज्येष्ठांची वस्ती आणि पुनर्विकासाचा धक्का

प्रतिनिधी, मुंबई

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मुलुंड असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा अंधेरी, महापालिकेच्या उद्यानाचे फाटक उघडण्याआधीच चारदोन मंडळी बाहेर उभी असतात. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला कानटोपी, हातात दुधाच्या पिशव्यांसाठी आणलेली कापडी पिशवी. उद्यानाला तीन फेऱ्या होतात, मग ठरलेल्या बाकावर ठरलेली माणसे बसतात. वर्तमानपत्राची पाने वाटली जातात, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कशी झाली याची चौकशी होते, अमेरिकेतल्या नातवाचे छायाचित्र हातोहात फिरते. एखादा नेहमीचा माणूस सलग दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दाराची घंटा वाजवते.

या शेवटच्या गोष्टीचे मोल सहसा कोणी मोजत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ओशिवरा परिसरातील एका उच्चभ्रू इमारतीत एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा सांगाडाच तिच्या परदेशातून आलेल्या मुलाला सापडला, तेव्हा सारे शहर हादरले होते. त्या मायलेकांचे शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाले होते. सुरक्षारक्षक, लिफ्ट, बंद दरवाजे, सारे काही होते. नव्हते ते दोन दिवस दिसले नाही म्हणून घंटा वाजवणारे माणूस.

'निवृत्तांची वसाहत' म्हटले की डोळ्यांसमोर शहराबाहेरची हिरवी टेकडी, बैठी घरे आणि जाहिरातीतले हसरे दांपत्य येते. परंतु मुंबईच्या उपनगरांत निवृत्तांच्या वसाहती कधीच्याच तयार झाल्या आहेत. त्या कोणी बांधलेल्या नाहीत, त्यांना फलक नाही आणि सरकारदरबारी त्यांची नोंदही नाही. त्या घडत गेल्या. आज पुनर्विकासाच्या लाटेत त्याच सर्वाधिक धोक्यात आहेत.

कारखाने गेले, माणसे राहिली

ही वस्ती कशी घडली हे समजून घ्यायचे तर लालबहादूर शास्त्री मार्गावरून घाटकोपर ते मुलुंड असा फेरफटका मारावा. विक्रोळीची गोदरेज, भांडुपची सिएट आणि जीकेडब्ल्यू, मुलुंडची हेक्स्ट अशा कारखान्यांनी साठच्या आणि सत्तरच्या दशकांत हजारो हातांना काम दिले. दादर-गिरगावच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडलेला कामगार, कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी उपनगरात आला. कोणी गृहनिर्माण मंडळाच्या पंतनगर, कन्नमवारनगर, डी. एन. नगरसारख्या वसाहतींत घर मिळवले. कोणी सहकाऱ्यांना जमवून, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, लिफ्ट नाही, एका मजल्यावर चार बिऱ्हाडे, अशी ती इमारत असे.

ही सारी माणसे तेव्हा तिशी-पस्तिशीची होती. एकाच वयाची माणसे एकाच वेळी राहायला आली आणि एकाच वेळी म्हातारी झाली. मुलांची लग्ने झाली तेव्हा त्या दोन खोल्यांत दुसरा संसार मावेना. मुलगा ठाणे, डोंबिवली, वसई-विरारला गेला, नाहीतर पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. कारखाने बंद पडले, त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. आई-वडील मात्र तिसऱ्या मजल्यावरच राहिले.

आकडे हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. देशाची सरासरी तेव्हा ८.६ टक्के होती. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक साठी ओलांडलेला असेल. देशापुढे पंचवीस वर्षांनी येणारा हा प्रश्न उपनगरांतील अनेक जुन्या सोसायट्यांनी कधीच अनुभवला आहे. तिथल्या सर्वसाधारण सभेत पन्नाशीचा सभासद 'तरुण' समजला जातो.

दिवसाचे वेळापत्रक

बाहेरच्याला वाटते, निवृत्त माणसाकडे वेळच वेळ. प्रत्यक्षात या वस्तीचा दिवस शिस्तीने बांधलेला असतो. सकाळचा फेरफटका आटोपला की भाजी, औषधे, पासबुक भरून घेण्यासाठी बँकेची रांग. दुपारी वाचनालयात पुस्तक बदलणे. सायंकाळी पाचनंतर ज्येष्ठ नागरिक संघाचे विरंगुळा केंद्र, सोसायटीच्या फाटकाजवळचा कट्टा किंवा देवळाचा ओटा. महिलांचे भजनी मंडळ वेगळे आणि बहुधा पुरुषांच्या कट्ट्यापेक्षा अधिक संघटित. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी त्या महिन्यात जन्मलेल्यांचे सामुदायिक वाढदिवस, गुलाबाचे फूल आणि बटाटेवडा. एखाद्याचे सहस्रचंद्रदर्शन, एखाद्या व्याख्यात्याचे मधुमेहावरील भाषण, वर्षातून एकदोन सहली. आणि दर महिन्याला, न चुकता, दोन मिनिटे शांतता पाळून वाहिलेली श्रद्धांजली.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे जितके दाट आहे तितके अन्य राज्यांत क्वचितच आढळते. या संघांचा राज्यव्यापी महासंघ 'फेस्कॉम' या नावाने ओळखला जातो. संघाची वर्गणी नाममात्र, पदाधिकारी बिनपगारी, हिशेब मात्र दमडीचाही चुकत नाही, कारण खजिनदार बहुधा निवृत्त बँक अधिकारी असतो. या संघांपाशी नसते ती फक्त जागा. उद्यानातला एखादा कोपरा, समाजकल्याण केंद्रातली तासाभराची खोली, नगरसेवकाच्या निधीतून उभारलेली शेड, यांवर बहुतेकांचे काम चालते. विलेपार्ल्यात १९२३ पासून कार्यरत असलेला लोकमान्य सेवा संघ किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारखी स्वतःची वास्तू असलेल्या संस्था ज्या उपनगरांना लाभल्या, ती भाग्यवान म्हणायची.

जागा मिळाली की उपनगर काय घडवू शकते, याचे उदाहरण अंधेरीचेच आहे. १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवाला संकुलातील एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. प्रारंभी एकमेकांना विनोद सांगून हसण्याची पद्धत होती. दोनेक आठवड्यांत सांगण्याजोगे विनोद संपले, तेव्हा विनोदाविना हसण्याचे व्यायाम शोधण्यात आले. आज ही चळवळ अनेक देशांत पोहोचली आहे. तिची वैद्यकीय उपयुक्तता किती, यावर मतभेद असू शकतात. परंतु रोज सकाळी वीस-पंचवीस माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हात वर करून हसणे, यात औषधाचा अंश नाही असे कोण म्हणेल?

हिशेबाची वही

या कट्ट्यावर राजकारणाइतकीच चर्चा व्याजदराची होते, आणि त्यामागे कारण आहे. सरकारी नोकरी व बँकांतून निवृत्त झालेल्यांचे बरे चालते. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याचे निवृत्तिवेतन मात्र 'ईपीएस-९५' योजनेतून येते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आली. ती वाढवावी यासाठी निवृत्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ज्याने आयुष्यभर यंत्रावर काम केले त्याची भिस्त म्हणूनच भविष्यनिर्वाह निधीतून आलेल्या रकमेवरील व्याजावर. ती रक्कम कोठे ठेवायची हा त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न.

सप्टेंबर २०१९ मध्ये या हिशेबाच्या वहीवर घाव बसला. भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या पाच लाख रुपयांपलीकडील मोठ्या ठेवींची परतफेड टप्प्याटप्प्याने, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी, अशी योजना आखण्यात आली. कागदावर ही व्यवस्था रास्त दिसते. परंतु ऐंशी वर्षांच्या ठेवीदाराला 'दहा वर्षांनी उरलेले पैसे मिळतील' असे सांगणे म्हणजे ते त्याच्या वारसांना मिळतील, असे सांगण्यासारखेच आहे.

सवलतींच्या बाबतीत हात एकीकडे सैल तर दुसरीकडे आखडता राहिला. पुरुषांना ४० व महिलांना ५० टक्के असलेली रेल्वे प्रवासभाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन थांबवण्यात आली. साथ ओसरल्यावर गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत झाली नाही. राज्याने मात्र ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य केला. अंधेरी-दहिसर पट्ट्यातील मेट्रो २ अ आणि ७ या मार्गांवर ६५ वर्षांवरील प्रवाशांना मे २०२३ पासून २५ टक्के सवलत देण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे आरोग्य संरक्षण खुले झाले. ही सर्व पावले आवश्यकच आहेत. पण त्यांपैकी एकही पाऊल ज्येष्ठाच्या राहत्या घराच्या जिन्यापर्यंत येऊन थांबत नाही. आणि खरी अडचण तेथेच आहे.

चौथा मजला आणि पन्नास पायऱ्या

गुडघे साथ देईनासे झाले की लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला म्हणजे तुरुंगच. खाली कट्टा भरतो, आवाज वर ऐकू येतात, पण उतरता येत नाही. भाजी दोरी बांधलेल्या पिशवीतून वर येते. डॉक्टरकडे न्यायचे झाल्यास खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचे. अशा घरातील ज्येष्ठांना पुनर्विकास हवा असतो, आणि तो हवासा वाटण्यात काहीही गैर नाही. लिफ्ट, मोठे न्हाणीघर, न गळणारे छत या चैनीच्या गोष्टी नव्हेत. जुन्या इमारती कोसळण्याची भीतीही खरी आहे. म्हणून 'म्हाताऱ्यांचा पुनर्विकासाला विरोध असतो' हा विकासकांचा आणि तरुण सभासदांचा लाडका समज वस्तुस्थितीला धरून नाही. ज्येष्ठांचा आक्षेप नव्या इमारतीला नसतो. जुनी पाडणे आणि नवी मिळणे यांच्या मधल्या काळाला असतो.

हा मधला काळ कागदोपत्री दोन-तीन वर्षांचा. चाळिशीतल्या सभासदाला तीन वर्षे म्हणजे गैरसोय; अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तीन वर्षे म्हणजे कदाचित उरलेले सारे आयुष्य. त्यातच एकट्या वृद्ध दांपत्याला घर भाड्याने द्यायला अनेक घरमालक राजी नसतात. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा सामान बांधा. भाडे परवडते ते दोन स्थानके पलीकडे. तेथे ओळखीचा डॉक्टर नाही, उधारीवर औषध देणारा दुकानदार नाही, कट्टा नाही. एकाच इमारतीतली वीस कुटुंबे वीस ठिकाणी पांगतात आणि चाळीस वर्षांत जुळलेले घंटा वाजवणारे जाळे एका महिन्यात तुटते.

आणि प्रकल्प रखडला तर? गोरेगावच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्रा चाळीचे, उदाहरण सर्वज्ञात आहे. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ मध्ये झाला. घरे रिकामी झाली, मग भाडे बंद झाले, २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाचा करार रद्द केला आणि बांधकाम पुन्हा मार्गी लागण्यास २०२२ उजाडले. या काळात कित्येक मूळ रहिवासी हक्काच्या घराची वाट पाहत जग सोडून गेले. हे टोकाचे उदाहरण आहे हे खरे. पण प्रत्येक ज्येष्ठ सभासद संमतिपत्रावर सही करताना याच उदाहरणाची आठवण काढतो, हेही तितकेच खरे.

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९ अ अन्वये राज्य सरकारने २००९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी निर्देश काढले. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, सभेचे चित्रीकरण, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी अशा तरतुदी त्यांत आहेत. परंतु हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि बँक हमीची अट व्यवहारात कशी पातळ होते हे जाणकारांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही सारी चौकट सभासदाकडे चटईक्षेत्राचा मालक म्हणून पाहते. त्याचे वय किती, तो एकटा आहे का, त्याला जिना चढता येतो का, हे प्रश्न त्या चौकटीत नाहीत.

पुनर्विकासाच्या तोंडावर आणखी एक गोष्ट घडते. 'आताच नाव लावून टाका, पुढे कटकट नको' असे म्हणत मुले बक्षीसपत्र करून घेतात. येथे ज्येष्ठांनी एक कायदा नीट ध्यानात ठेवावा. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. अशी अट असणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, तर २ जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावला. तात्पर्य एवढेच की, बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात शब्दांत लिहावी. विश्वास असला तरी लिहावी. याच कायद्यान्वये निर्वाह न्यायाधिकरणाकडे वकिलाविना अर्ज करता येतो. मात्र दरमहा १०,००० रुपयांची कमाल निर्वाहमर्यादा मुंबईच्या खर्चापुढे तोकडी ठरते. ती हटवण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि संमत न होताच त्या लोकसभेसोबत संपले.

तयार वसाहतींचे उत्तर पुरेसे नाही

मग बाजाराने देऊ केलेल्या निवृत्त वसाहतींत जावे का? पुण्यातील 'अथश्री' किंवा डिग्निटी फाऊंडेशनची नेरळची वसाहत यांनी हा मार्ग महाराष्ट्राला दाखवला. तेथे भोजन, परिचारिका, समवयस्कांची सोबत सारे आहे, आणि ज्यांना ते परवडते व मानवते त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली. चाकांची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, उतार, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, रुंद दरवाजे अशा बाबी त्यांत आल्या. हे स्वागतार्ह आहे. पण ज्येष्ठांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या घराला आधाराची दांडी हवी आणि जेथे निम्मे सभासद ज्येष्ठ आहेत अशा पुनर्विकसित इमारतीला ती नको, हा कोणता न्याय?

शिवाय तेथे जाणे म्हणजे उपनगर सोडणे. माणूस पन्नास वर्षे ज्या स्थानकाच्या पुलावरून चढला-उतरला, तो परिसर त्याची अर्धी स्मृती असते. दृष्टी अधू झाली तरी पाय ओळखीच्या रस्त्याने बरोबर जातात. ते गाव सोडून नव्या जागी मुळे धरणे सर्वांना जमत नाही, आणि बहुतेकांना परवडतही नाही.

न्यूयॉर्कमध्ये हाच पेच चाळीस वर्षांपूर्वी आला होता. मॅनहॅटनमधील 'पेन साउथ' ही वस्त्र कामगारांच्या संघटनेने पुरस्कृत केलेली सहकारी गृहसंस्था १९६२ साली उभी राहिली. आपल्या कन्नमवारनगराप्रमाणेच तेथील कामगार एकत्र म्हातारे झाले. १९८६ मध्ये संस्थेने ठरवले की माणसांना वृद्धाश्रमात पाठवण्याऐवजी सेवाच संस्थेच्या आवारात आणायच्या. समाजसेविका, परिचारिका, गृहभेटी, छंदवर्ग हे सारे इमारतीच्या तळाशी आले. पुढे न्यूयॉर्क राज्याने अशा 'आपोआप घडलेल्या निवृत्त वस्त्यां'ना अनुदान देण्याचा कायदाच केला. यात अचंबित करणारे तंत्रज्ञान नव्हते. सरकारने केले ते इतकेच, की जी वस्ती आधीच अस्तित्वात आहे तिला नाव दिले आणि तिची नोंद घेतली.

काय करता येईल?

मुंबईला हे अशक्य नाही. पहिली गोष्ट, पुनर्विकासाच्या करारात ७५ वर्षांवरील सभासदांसाठी वेगळे कलम असावे: संपूर्ण कालावधीचे भाडे आगाऊ स्वतंत्र खात्यात, आणि पर्यायी घर त्याच परिसरात शोधून देण्याची जबाबदारी विकासकावर. शक्य तेथे इमारती टप्प्याटप्प्याने पाडाव्यात, म्हणजे निम्मी वस्ती तरी जागेवर राहील. दुसरी, महारेराची ज्येष्ठस्नेही मानके प्रत्येक पुनर्विकसित इमारतीला लागू व्हावीत. तिसरी, नव्या इमारतीचा मेन्टेनन्स हा निवृत्तांचा मोठा धसका असतो. कॉर्पस निधीचे व्याज तो भागवील की नाही, याचा हिशेब सही करण्याआधी लेखी मिळावा. चौथी, महापालिकेने प्रत्येक प्रभागात विरंगुळा केंद्राची जागा राखून ठेवावी आणि तेथे आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर यावा. घाटकोपरचे राजावाडी किंवा अंधेरीकरांना जवळचे कूपर रुग्णालय गर्दीने ओसंडत असताना रक्तदाब मोजण्यासाठी तेथे रांग लावण्याची वेळ कोणावर येऊ नये. संकटकाळासाठी १४५६७ ही राष्ट्रीय ज्येष्ठ मदतवाहिनी आहे; तिचा क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर लागायला काहीच खर्च येत नाही.

आणि पाचवी गोष्ट सरकारची नाही, सोसायटीची आहे. नव्या मनोऱ्याच्या आराखड्यात पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, तीन मजल्यांची पार्किंग असते. फाटकाजवळ, येणारे-जाणारे दिसतील अशा जागी, सावलीत, पाठीला टेकण असलेला एक बाक मात्र नसतो. आराखडा मंजुरीसाठी सभेपुढे येईल तेव्हा तो बाक कोठे आहे, एवढे कोणीतरी विचारावे. कारण सायंकाळी त्या बाकावर कोण आले आणि कोण आले नाही, याची नोंद ठेवणारी माणसे आजही उपनगरांत आहेत. पुढच्या पिढीला ती लागणार आहेत, आणि ती पिढी म्हणजे आज संमतिपत्रे गोळा करत फिरणारे चाळिशीतले आपणच आहोत.